द्वारका, मथुरा आणि चौदा पानं

“तेराव्या वर्षी रोज साधारण किती दूध प्यायचात?” मी विचारलं.

“थेंबसुद्धा नाही,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“तांब्याभर,” मथुराबाई म्हणाल्या.

दोघी एकाच वेळी बोलल्या आणि एकाच वेळी एकमेकींकडे वळल्या. माझं पेन कागदावर अधांतरी राहिलं.

“आक्का, अगं पेढेवाल्याच्या पोरी आपण,” मथुराबाई म्हणाल्या. “आपण दूध नाही प्यायलो तर काय पेशव्यांनी प्यायलं?”

“दूध विकायला होतं. प्यायला नव्हतं. दादा कढईला हात लावू द्यायचे नाहीत.”

“पण दादा दुपारी झोपायचे ना!”

“तू असशील चोरटी. मी नाही कधी कढईकडे बघितलं.”

“तूच मला खरवड काढायला शिकवलंस. कालथा उलटा धरायचा म्हणजे आवाज होत नाही, हे कोणी सांगितलं? त्या गोकुळनं?”

गोकुळ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. दादांनी, म्हणजे वडलांनी, सगळी तीर्थयात्रा घरातच उरकली होती. दोघींचं माहेर साताऱ्याला, वडलांचं पेढ्यांचं दुकान. दूध आटवून झालं की कढईच्या तळाला जी खरवड लागते ती खरडून खायची, यावर त्या दोघी पंचेचाळीस वर्षांनी माझ्यासमोर भांडत होत्या. मी मनातल्या मनात आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर हर्डीकर यांची माफी मागत होते.

कारण नियम होता. रुग्ण बाई आणि तिची निरोगी बहीण, दोघींची मुलाखत वेगवेगळ्या खोलीत घ्यायची. एकीच्या आठवणीत दुसरीची आठवण मिसळता कामा नये. पण वाईच्या त्या घरात पंखा एकाच खोलीत होता, मे महिना होता, आणि द्वारकाबाईंना “जरा बाहेर बसता का?” असं सांगायची माझी छाती नव्हती.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. मी चोवीस वर्षांची, आहारशास्त्राची पदवी नुकतीच हातात आलेली, आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पहिली नोकरी. कुठल्या वयात काय खाल्लं, याचा पुढे स्तनाच्या कर्करोगाशी काही संबंध लागतो का, ते शोधायचं होतं. त्यासाठी चौदा पानांचा फॉर्म होता आणि त्याचे चार भाग होते. लहानपण, वयात येतानाचा काळ, बाळंतपणं आणि पाळी गेल्यानंतरची वर्षं. माझ्या पिशवीत तीन मापांच्या वाट्या, चमचे, पुठ्ठ्याच्या लहान-मोठ्या भाकऱ्या, वजनाचा काटा आणि मोजपट्टी असायची. एसटीच्या कंडक्टरला मी भातुकली विकणारी वाटायचे. मला मात्र पक्कं वाटायचं की आपण नीट खोदून विचारलं तर कुठला घास बाईला नडला ते नेमकं सापडेल. चोविसाव्या वर्षी माणसाला असं बरंच काही वाटतं.

मथुराबाई त्रेपन्न वर्षांच्या. कराडला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आदल्या वर्षी त्यांचं उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, मग औषधं झाली, डोक्यावरचे केस गेले, आणि आता बोटभर परत आले होते. त्यावर त्या फुलाफुलांचा रुमाल बांधायच्या. विश्रांतीसाठी त्या थोरल्या बहिणीकडे येऊन राहिल्या होत्या. द्वारकाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या, अंगानं भरलेल्या, आवाज असा की समोरच्या घरातला माणूस उत्तर देईल. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. पाच मिनिटांत मीही म्हणायला लागले.

“पुढचं विचार पोरी,” आक्का म्हणाल्या. “दुधाचं नको लिहूस.”

“लिही,” मथुराबाई म्हणाल्या. “तांब्याभर लिही.”

मी ‘एक वाटी, अनिश्चित’ असं लिहिलं.

पुढचा प्रश्न पाळी कितव्या वर्षी आली हा होता. आक्कांनी आधी बाहेरच्या ओसरीकडे पाहिलं. तिथे त्यांचे यजमान अण्णा, पोस्टातून निवृत्त झालेले, पेपर वाचत बसले होते.

“त्यांना ऐकू येत नाही गं,” मथुराबाई म्हणाल्या. “आणि आलं तरी आता काय? लिही, दोघींनाही अकराव्या वर्षी. आत्याबाई म्हणायच्या, पेढेवाल्याच्या पोरी लवकर पिकल्या.”

“मथे!”

“म्हणायच्या की नाही?”

“म्हणायच्या,” आक्का पुटपुटल्या, आणि हसू दाबायला त्यांनी पदर तोंडाला लावला.

मला ते दोघींचं माहेर दिसायला लागलं होतं. मोठ्या कढया, तुपाचा वास, दुपारची सामसूम आणि उलटा कालथा धरून बसलेल्या दोन पोरी. मी भराभर लिहीत होते.

तिसऱ्या भागात हवा बदलली.

आक्कांची चार बाळंतपणं. पहिलं अठराव्या वर्षी. प्रत्येक वेळी सव्वा महिना डिंक, अळीव, खारीक-खोबरं, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी. आणि प्रत्येक पोराला दोन-दोन वर्षं अंगावर पाजलेलं. त्यांनी हे असं सांगितलं की मला उठून टाळी वाजवावीशी वाटली. मथुराबाईंचं एकच मूल, तेही एकतिसाव्या वर्षी. तीन महिन्यांत कामावर हजर, बाळ सासूबाईंकडे, बाटलीचं दूध.

“आणि कामावर असताना काय खायचात?”

“भजी,” मथुराबाई म्हणाल्या. “आमच्या कँटीनला नामी भजी असायची. नाइट ड्यूटीला दोन प्लेट. पाव. चहा मोजायचा नाही.”

“बघ,” आक्का मला म्हणाल्या. “लिही ते. नीट लिही. वीस वर्षं भजी-पाव.”

“दारू?” मी घाईनं पुढचा प्रश्न घेतला. तो सगळ्यांनाच विचारायचा असायचा, आणि सगळ्याच बायका ‘अगंबाई’ म्हणून कानाला हात लावायच्या. आक्कांनी लावला.

मथुराबाईंनी थोडा विचार केला. “एकदा. एकाहत्तर साली. ऑफिसची सहल गोव्याला गेली होती तेव्हा. बिअर होती. अर्धा ग्लास.”

आक्कांचा हात कानावरून खाली आला.

“मला सांगितलं नाहीस,” आक्का म्हणाल्या.

“तू मला चोरटी म्हणतेस, मग काय जाहिरात देऊन पिऊ? कडू होती. उरलेली फेकून दिली.”

पण आक्का हसल्या नाहीत. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि रसाचं पातेलं घेऊन दारात आल्या. हातात डाव होता. “मी वर्षभर हेच सांगतेय हिला. तोंडाला कधी आवर घातला नाही. बाळाला पाजलं नाही. रात्री-बेरात्री तळण. आणि आता ही दारू. एका आईच्या पोटच्या आम्ही, एका ताटात जेवलेल्या. मला काय झालं? काही नाही. हिलाच का झालं? तूच सांग पोरी, तू शिकलेली आहेस. हे सगळं खाण्यानंच होतं की नाही?”

खरं उत्तर लांबलचक होतं. ते मला पाठ होतं, कारण परीक्षेत मी त्यावर चार पानं लिहिली होती. पण दोन डोळे माझ्यावर रोखलेले होते, हातात डाव होता, आणि मला अजून आक्कांची सहा पानं भरून घ्यायची होती.

“आहाराचा संबंध असतो,” मी म्हणाले आणि मान हलवली.

“ऐकलंस?” आक्का म्हणाल्या.

मथुराबाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि परत घट्ट बांधला.

जेवायला मला आमरस, पोळ्या, कुरडया आणि आग्रह मिळाला. मथुराबाईंना मुगाचं कढण आणि बिनमिठाचा दुधी. त्याआधी गव्हांकुरांचा हिरवागार रस. स्वयंपाकघराच्या दारावर आक्कांनी खडूनं यादीच लिहिली होती. वांगं नाही, दही नाही, शेंगदाणा नाही, बेकरी नाही, आंबा नाही. मी आंबा खात होते आणि मथुराबाई माझ्या वाटीकडे बघत नव्हत्या. फार प्रयत्न करून बघत नव्हत्या.

जेवणानंतर मोजमापं घेतली. उंची, वजन, कंबर. आक्का काट्यावर उभ्या राहिल्या आणि काटा बघून म्हणाल्या, “पाळी गेल्यापासून हवा खाल्ली तरी अंगी लागते.” मग दंडाचा घेर घ्यायचा होता. डावा हात जरा बाजूला उचलून खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पट्टी गुंडाळायची, इतकंच काम. मी त्यांचा हात धरून वर उचलला आणि त्यांनी तो असा हिसकला की पट्टी माझ्या हातातून उडाली.

“काय झालं?”

“गळू आलंय काखेत. आंब्याचे दिवस. राहू दे ते.”

“डॉक्टरांना दाखवलं?”

“गळवाला कोणी डॉक्टर करतं का? पोटीस लावलंय.”

शेवटच्या पानावर तब्येतीचे प्रश्न होते. “स्तनात किंवा काखेत कधी गाठ, दुखणं, काही...”

“नाही,” आक्का म्हणाल्या. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत.

मी ‘नाही’ लिहिलं, नमस्कार केला, पिशवी भरली आणि निघाले. मथुराबाई दारापर्यंत आल्या. “नीट जा,” एवढंच म्हणाल्या. मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

वाईच्या स्टँडवर पुण्याची गाडी यायला पाऊण तास होता. गाडीत बसायच्या आधी फॉर्मचं प्रत्येक पान तपासायचं, हा आमचा शिरस्ता. मी बाकावर बसून पानं उलटली. मथुराबाईंचा फॉर्म पूर्ण. आक्कांचा फॉर्म पूर्ण, फक्त बारावं पान सोडून. दंडाचा घेर. चौकोन रिकामा.

आमच्यातले बरेचजण असे चौकोन अंदाजानं भरायचे. एकतीस लिहिलं असतं तरी कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण माझा एकही आकडा अंदाजाचा नसतो, अशी मी ऑफिसात फुशारकी मारत असे. तेव्हा मी परत गेले ती फार थोर विचारानं नाही. त्या एका चौकोनासाठी गेले. वाटेत मात्र, गणपतीच्या घाटावरून वळताना, एक गोष्ट डोक्यात आली आणि माझी चाल वाढली. उन्हाळ्यात गळू येतं, ठणकतं, पिकतं, फुटतं. गळू आलेली बाई सकाळपासून दहा वेळा त्याचं रडगाणं गाते. आक्कांनी स्वतःहून एकदाही त्याचं नाव काढलं नव्हतं.

ओसरीवर अण्णा तसेच पेपर घेऊन बसले होते.

“काय गं, काय राहिलं?”

“दंड राहिला, अण्णा!” मी मोठ्यानं म्हणाले.

“दंड? आम्ही कसला दंड भरायचा?”

मी हातवारे केले, त्यांनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालं नसावं. कारण मी आत गेले तेव्हा ते खिसे चाचपत होते.

मथुराबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. आक्का मागच्या अंगणात, बाजेवर पसरलेल्या धोतरावर सांडगे घालत होत्या. मी दारात थांबून थोडा वेळ नुसतं बघितलं. पिठाची परात बाजेच्या कडेला, उजवा हात भराभर चाललेला, आणि डावा हात अंगाशी धरलेला, घडी घातल्यासारखा. परात पुढे सरकवायची असली की त्या गुडघ्यानं ढकलायच्या.

“आक्का, पट्टी लावायची राहिली.”

“लिही की काहीतरी.”

“तसं चालत नाही.”

“तुझ्या त्या दंडानं काय कळणार आहे कोणाला?”

“आक्का, गळू कधीपासून आहे?”

त्यांनी एक सांडगा घातला. दुसरा घातला. “दिवाळीपासून,” त्या म्हणाल्या.

मी बोटांवर मोजलं नाही. तेवढा हिशेब डोक्यात होतो. “गळू सहा-सात महिने राहत नाही.”

“माहीत आहे मला.”

“आणि काखेतच आहे?”

“काखेत आता आलं. आधीचं... खाली आहे.” त्यांनी डाव्या बाजूला नुसती नजर टाकली. “आवळ्याएवढं.”

मी बाजेच्या कडेला बसले. मला भीती वाटायला लागली होती, आणि रागही आला. “आक्का, सख्ख्या बहिणीला झालंय. तुम्ही सगळ्यांत आधी दाखवायला हवं होतं. तुम्हाला भीती वाटली का?”

“भीती?” त्या एकदम उसळल्या. “मला? अगं हिच्या ऑपरेशनला मीच होते. सगळं डोळ्यांनी बघितलंय. कशाची भीती?”

“मग का नाही सांगितलंत?”

पिठानं भरलेला हात तसाच वर धरून त्या बसल्या. आवाज इतका खाली आला की त्या आक्का वाटेनात.

“मी हिला वर्षभर काय काय बोलले ते तू आज ऐकलंस. अर्ध्या दिवसाचं ऐकलंस. मी येईल-जाईल त्याला सांगितलंय. हिनं खाण्यापायी ओढवून घेतलं म्हणून. मी नेमानं राहिले म्हणून मला काही नाही म्हणून. दिवाळीला अंघोळ करताना हाताला लागलं. आता मी कोणत्या तोंडानं सांगू? मी भजी नाही खाल्ली. चार पोरांना पाजलं. मग मला जर तेच झालं असेल, तर मी हिला जे बोलले त्याचं काय?”

मागून आवाज आला.

“कुठली बाजू?”

मथुराबाई दारात उभ्या होत्या. रुमाल नव्हता, बोटभर पांढरे केस ताठ उभे होते.

आक्कांनी मागे वळून पाहिलं नाही. “डावी,” त्या म्हणाल्या.

“माझी उजवी,” मथुराबाई म्हणाल्या. “चला. दोघी मिळून एक धड बाई होऊ.”

आणि आक्का, ज्यांना मी सकाळपासून डाव धरलेल्या हवालदारासारखं पाहिलं होतं, त्या पिठाचा हात तसाच तोंडावर घेऊन रडायला लागल्या. गालाला, नाकाला पीठ. मथुराबाई जवळ आल्या, पण लगेच मिठी वगैरे मारली नाही. समोर उभ्या राहिल्या.

“मी तुझ्याशी भांडणार आहे आक्का,” त्या म्हणाल्या. “चांगली भांडणार आहे. एक-एक वाक्य आठवतंय मला. पण आधी डॉक्टर.” मग माझ्याकडे वळल्या. “आणि तू.”

“मी?”

“सकाळी मान हलवलीस. खरं होतं का ते?”

“अर्धंच,” मी म्हणाले.

“उरलेलं अर्धं आता सांग.”

“हजारो बायका घेतल्या तर काही गोष्टी दिसतात. पाळी लवकर येणं, मूल उशिरा होणं, बाळाला न पाजणं, उतारवयात वजन वाढणं, नेहमी दारू पिणं, यांनी धोका थोडा-थोडा वाढतो. लहानपणापासूनच्या खाण्याचाही त्यात वाटा असावा, तेच आम्ही शोधतोय. पण ते हजारांत दिसतं. एका बाईकडे बोट दाखवून, हिला या भज्यांनी झालं, असं कोणालाच सांगता येत नाही. मला नाही, हर्डीकर मॅडमनाही नाही. सगळं नेमानं केलेल्या बाईलाही होतं. काही न पाळलेलीला होतही नाही.”

“मग सकाळी हे का नाही बोललीस?”

“आक्कांना घाबरले,” मी म्हणाले.

रडता रडता आक्कांना हसू फुटलं. आणि मग मथुराबाईंनाही. मला मात्र हसू आलं नाही. सत्तर बायकांच्या मुलाखती मी तोवर घेतल्या होत्या. त्यांतल्या कितीजणींसमोर मी अशी सोयीची मान हलवली होती, ते मी आठवत होते.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मी डॉक्टर हर्डीकरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “रेवती, तो फॉर्म बाजूला काढ, निरोगींच्या गठ्ठ्यात टाकू नकोस. आणि त्यांना सोमवारी सकाळी नऊला पुण्यात आण. मी सर्जनशी बोलून ठेवते.” एकत्र मुलाखत घेतल्याबद्दल त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं असतंस, तर तिचं बहिणीला बोलणं तू ऐकलं नसतंस, आणि कदाचित तिनं सांगितलंही नसतं.”

सोमवारी आक्का, मथुराबाई आणि अण्णा असे तिघेही आले. गाठ कर्करोगाचीच निघाली. काखेपर्यंत गेली होती, पण त्याच्या पुढे कुठे नव्हती. ऑपरेशन झालं, मग पुढचं सगळं झालं. शुद्धीवर आल्यावर आक्कांनी मला पहिला प्रश्न विचारला, “माझा फॉर्म फुकट गेला का गं?” मी सांगितलं की फुकट नाही, गठ्ठा बदलला. स्वयंपाकघराच्या दारावरची खडूची यादी मथुराबाईंनी ओल्या फडक्यानं पुसली, आणि औषधांनी तोंडाची चव गेलेल्या आक्कांना पहिले पंधरा दिवस जे मागतील ते खाऊ घातलं. औषधांच्या दिवसांत पोटात अन्न टिकणं महत्त्वाचं, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. भांडणही झालं म्हणे. आठ दिवस चाललं. अण्णांना त्यातलं काही ऐकू आलं नाही, असं ते सांगायचे.

आक्का पुढे अठरा वर्षं जगल्या आणि हृदयविकारानं गेल्या. मथुराबाई अजून आहेत. आमचा अभ्यासही पुरा झाला. त्यात सांगण्यासारख्या दोन-चार गोष्टी मिळाल्या, बाकीच्या ‘निश्चित सांगता येत नाही’ या रकान्यात गेल्या. मी त्यानंतर अनेक वर्षं याच कामात राहिले. पण मला जे सांगायचंय ते आक्कांच्या ऑपरेशननंतरच्या वर्षीचं आहे.

मथुराबाईंचं कार्ड आलं. ‘कराडला ये. आक्का इथेच आहे. तिला तुझं काम आहे.’

मी गेले. आक्का दारातच उभ्या होत्या, वजन उतरलेलं, डोक्यावर आता त्यांचा रुमाल. आत बोलवायच्या आधीच त्यांनी मला ओसरीवर थांबवलं.

“माझ्याबरोबर बसायचं. मी बोलणार. तू पुण्याची आहेस, तू नुसती शेजारी असलीस तरी पुरे. कोणी काही विचारलं तर खरं ते सांग. मान हलवू नकोस.”

मथुराबाईंनी मला नंतर सांगितलं. आक्कांनी त्यांची माफी म्हणून कधी मागितली नव्हती. ‘चुकले’ हा शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता. पण केस यायच्या आधीच त्या वाईत घरोघर फिरायला लागल्या होत्या. ज्या-ज्या घरी त्यांनी बहिणीच्या खाण्याबद्दल तोंड वाजवलं होतं, त्या प्रत्येक घरी जाऊन, पाटावर बसून सांगायचं की मी बोलले ते खोटं होतं. आणि उठताना घरातल्या बाईला सांगायचं की अंघोळीच्या वेळी हातानं चाचपून बघत जा, काही लागलं तर माझ्यासारखी बसू नकोस. अशी चौदा-पंधरा घरं झाली होती. शेवटचं घर हे होतं. मथुराबाईंचंच.

मथुराबाईंच्या सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. सगळे त्यांना मोठ्याआई म्हणायचे. बारीक अंगाच्या, कडक. मथुराबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या व्हरांड्यात आक्काच त्यांना म्हणाल्या होत्या, “हिच्या खाण्यानंच हे झालं. हिच्या हातचं खाताना जपा.” तेव्हापासून म्हाताऱ्या बाईनं सुनेच्या हातचा घास घेतला नव्हता. गल्लीतल्या एका बाईकडून त्यांचा डबा यायचा. दोन वर्षं व्हायला आली होती. हे मथुराबाईंनी आक्कांना कधी सांगितलं नव्हतं. कराडला राहायला आल्यावर आक्कांनी तो डबा पाहिला.

मोठ्याआई पलंगावर बसल्या होत्या. आक्का खाली चटईवर बसल्या, मी शेजारी. मथुराबाई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभ्या.

“मी दवाखान्यात तुम्हाला एक बोलले होते,” आक्का म्हणाल्या. “मथुराच्या खाण्याचं. हिच्या हातचं जपून खा म्हणून. ते मी मनचं बोलले होते. मला काही माहीत नव्हतं. तिच्या हातचं खाऊन कोणाला काही होत नाही. मी सगळा नेम करून मला तेच झालं. बघा.” आणि त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला.

मोठ्याआईंनी ते डोकं बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

“मग कशानं होतं गं हे?”

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मथुराबाईंनीही.

“पुष्कळ गोष्टी मिळून होतं, आजी,” मी म्हणाले. “या दोघींना नेमकं कशानं झालं, ते माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण ते एकमेकांना लागत नाही, आणि कोणाच्या हातच्या जेवणातून तर नाहीच.”

पलंगाच्या खाली गल्लीतून आलेला दुपारचा डबा होता. मोठ्याआईंनी तो पायानं थोडा मागे सारला.

“मथुरा,” त्या म्हणाल्या, “भाकरी टाकतेस का? भूक लागलीय.”

मथुराबाई वळल्या आणि आत गेल्या. पिठाच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मांडीवरचा रुमाल तिथेच सोडून त्यांच्यामागे आत गेल्या.

थोड्या वेळानं परातीत भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. म्हातारी डोळे मिटून ऐकत बसली होती.